टिपणीस काका रस्ता विचारत नाहीत

टिपणीस काका कोणालाही रस्ता विचारत नाहीत. डोक्यावर ऊन असू दे, चप्पल चावत असू दे, समोर चौकात वाहतूक पोलीस रिकामा उभा असू दे, ते विचारणार नाहीत. एकाच पानपट्टीसमोरून तिसऱ्यांदा जाताना पानवाला आपणहून "कुठे जायचंय काका?" म्हणाला, तर त्याला हात जोडून नमस्कार करतात आणि चौथी फेरी सुरू करतात.

"पाटील," ते मला सांगतात, "माणसं रस्ता सांगत नाहीत. मत सांगतात."

माझं नाव निकिता आहे, पण ते मला पाटीलच म्हणतात. मानपाड्याच्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केली. तिथे सगळ्यांना आडनावाने हाक मारायची पद्धत होती, ती त्यांनी घरी आणली. आमच्या इमारतीतल्या मिश्रांच्या दोन वर्षांच्या मुलालाही ते जिन्यात "काय मिश्रा, आज लवकर?" असं विचारतात.

न विचारण्याचे परिणाम त्यांनी भोगलेले आहेत, पण ते त्यांना परिणाम वाटत नाहीत. एकदा जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला गेले. मानपाडा रोडला एकाच इमारतीत खाली एक हॉल, वर एक हॉल. काका खालच्या लग्नात गेले. अक्षता टाकल्या, पंगतीत बसले, नवरानवरीला भिंतीवरचं घड्याळ दिलं, फोटो काढून घेतला. त्यांचा सहकारी वरच्या हॉलमध्ये दाराकडे बघत बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने तक्रार केली, तेव्हा काका म्हणाले, "लग्न तर व्यवस्थित लागलं. मठ्ठा छान होता." घड्याळावर त्यांनी सवयीने स्वतःचं नाव-पत्ता लिहिलेला होता. वर्षभराने त्या खालच्या जोडप्याकडून बारशाचं आमंत्रण आलं. काका गेले. तिथेही नकाशा काढून गेले.

बाळकुमला त्यांचा मावसभाऊ नव्या टॉवरमध्ये राहायला आला, तेव्हाही तसंच. सगळे टॉवर सारखे, सगळे मजले सारखे. काकांनी अकराव्या मजल्यावरची बेल वाजवली. दार उघडलं त्या बाईंना वाटलं, सासऱ्यांच्या ओळखीतले असतील. काकांना वाटलं, भावाची सून बारीक झाली. चहा झाला, पोहे झाले. बाल्कनीच्या दाराचा कोन चुकलाय हेही काकांनी दाखवून दिलं. सासरे घरी आले तेव्हा कळलं. त्या घराशी काकांचं अजून येणंजाणं आहे. मावसभावाचं घर त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

त्यांचा विश्वास नकाशावर. कुठेही जायचं तर आधी ट्रेसिंग पेपरवर बारीक पेन्सिलीने नकाशा. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट. त्यात गावाचं नाव, स्केल, काढणाऱ्याची सही. अगदी भाजी मंडईचासुद्धा.

तर अशा माणसाबरोबर मी कोचीला गेले.

मी डोंबिवलीच्या कॉलेजात इतिहास घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा कारखान्यात हेल्पर आहेत, आई घरी पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. मूळ गाव आंबिवलीजवळ, आगरी वस्तीचं. माझे आजोबा कल्याणच्या खाडीत रेतीच्या होडीवर होते. त्यांच्या तोंडचे होडीचे, पाण्याचे शब्द मी एका वहीत लिहून ठेवले होते, सहज म्हणून. आमच्या सरांनी ती वही बघितली आणि म्हणाले, यावर निबंध लिही. लिहिला. तो त्यांनी इंग्रजीत करायला लावला आणि कोचीच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांचं चर्चासत्र होतं, 'बंदरांची शहरं' या विषयावर, तिथे पाठवला. तो निवडला गेला. शनिवारी दुपारी अडीच वाजता, पंधरा मिनिटं, माइकवर.

पत्र आलं तेव्हा मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. मी वर्गात हात वर करणारी मुलगी नाही. मला कळलं नाही तर मी गप्प बसते, वाटतं की बाकी सगळ्यांना माहीत असणार. पहिल्या वर्षाला सरांनी प्रकल्पाच्या शेवटी 'बिब्लिओग्राफी' जोडायला सांगितली होती. तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. कोणाला विचारलं नाही. वाटलं, बायोग्राफीच असेल, काहीतरी मोठी. म्हणून स्वतःची एक पानभर माहिती लिहून जोडली: जन्म, शाळा, आवड, आईचं नाव. हवी होती वाचलेल्या पुस्तकांची यादी. सर चांगले आहेत, ते वर्गात हसले नाहीत. पण ते पान त्यांनी जपून ठेवलंय हे मला माहीत आहे. त्यानंतर तर मी विचारणंच सोडलं.

तेव्हा टिपणीस काकांची रस्ता न विचारण्याची तऱ्हा बाकीच्यांना विक्षिप्त वाटायची, मला ती मनातून पटायची.

निबंधाची तालीम मी त्यांच्याच घरी केली. आमच्याकडे भाऊ, टीव्ही आणि कुकर. काका एकटेच राहतात. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी बंगळुरूला. महिनाभर रोज संध्याकाळी सात वाजता मी त्यांच्या फ्रिजशेजारी उभं राहून पंधरा मिनिटांचं इंग्रजी वाचायचे. काका समोर खुर्चीत, हात मांडीवर, नजर माझ्याकडे. संपलं की म्हणायचे, "उत्तम, पाटील. उद्या पुन्हा." एकही दिवस त्यांनी एकही चूक काढली नाही. त्या 'उत्तम'वर मी दुसऱ्या दिवसापर्यंत जगायचे.

सरांना ऐनवेळी परीक्षेचं काम लागलं. मी एकटी जाणार म्हटल्यावर आई रडायला लागली. तेव्हा काका म्हणाले, "मी जातो. मला ते शहर पायी बघायचंच आहे."

"टिपनीस सायेब हायेत ना, मंग जा," बाबा म्हणाले. आणि काकांना बाजूला घेऊन, "पोरीला सांबाला, सायेब."

त्याच रात्री काकांच्या मुलीचा मला बंगळुरूहून फोन. "निकिता, बाबा फोन उचलत नाहीत गं, फक्त मेसेज करतात. त्यांना एकटं सोडू नकोस हां. सांभाळ."

म्हणजे गाडीत बसलो तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांना सांभाळत होतो.

शनिवारी सकाळी नऊला कॉलेजात नाव नोंदवलं. माझी राहायची सोय मुलींच्या वसतिगृहात होती, काकांची समोरच्या लॉजमध्ये. कॉलेज जुन्या धक्क्याला लागूनच. हातात पाच तास होते. मी म्हटलं, मी खोलीवर बसून पुन्हा एकदा वाचते. काकांनी ट्रेसिंग पेपर उलगडला.

"अकरा ठिकाणं. एक शहर, एक दिवस, दोन पाय. दोन वाजता इथे परत. आणि तो फोन खोलीवर ठेव."

"का, काका?"

"शहर एकाच्याच डोक्यात राहतं. तुझ्या नाहीतर फोनच्या."

मी ठेवला. मोठ्यांनी ठामपणे सांगितलं की मी ऐकते, हा माझा आणखी एक दोष.

पण सकाळ छान गेली, हे खरं सांगायला हवं. चालताना काका मला कायम त्यांच्या डाव्या हाताला ठेवायचे. रस्ता ओलांडला की स्वतः फिरून पुन्हा उजवीकडे येत. मला वाटलं, जुन्या वळणाचं सौजन्य असेल. समुद्राकाठी ती मोठी चिनी जाळी होती, लाकडी वाशांना टांगलेली, मागे दोरांना धोंडे बांधलेले. सहाजण दोर ओढत, की जाळं कुरकुरत पाण्यातून वर येई. इतकं मोठं जाळं आणि आत ओंजळभर मासे. काका तिथे अर्धा तास थांबले. मासे त्यांनी पाहिलेच नाहीत. धोंड्यांचं वजन आणि वाशाची लांबी यांचं गणित मांडत बसले आणि शेवटी मच्छीमारांपैकी एकाच्या पाठीवर थाप मारून मराठीत म्हणाले, "बॅलन्स बरोबर आहे हो तुमचा!" तो हसला. त्याने काकांच्या हातात दोर दिला. आमचे बासष्ट वर्षांचे ड्राफ्ट्समन परक्या माणसांबरोबर "हो... हो..." करत जाळं ओढत होते आणि मी त्यांची पिशवी धरून उभी होते.

मग ते जुनं पोर्तुगीज चर्च, भिंतीत उभे केलेले दगड, त्यांवरची अक्षरं. मग मोठमोठ्या पर्जन्यवृक्षांखालचा रस्ता. एका टपरीवर चहा आणि पिकल्या केळ्याची गोड भजी. काका दर वळणावर बोलायचे, "कल्याणला जहाजं लागायची तेव्हा..." आणि सुरू. मोठ्याने बोलतात ते, लोक वळून बघतात. त्यांना थांबवून आपलं काही सांगावं, अशी जागा ते ठेवतच नाहीत. मी एकदा म्हणाले, "काका, इथे दर दगडाला पाटी आहे. आपल्या खाडीवर आजोबांची होडी लागायची तिथे एक पाटी नाही." मला ते बोलून बरं वाटलं, कारण हा विचार माझा स्वतःचा होता. काका म्हणाले, "हो, हो, केळी छान होती."

मला जरा लागलं. पण म्हटलं, त्यांच्या डोक्यात नकाशा चालू असेल.

साडेबाराला आम्ही मसाल्याच्या वखारींच्या भागात शिरलो. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुन्या लाकडी वखारी, अंगणात वाळत घातलेली सुंठ, मिरीची पोती. वासानेच डोळ्यांत पाणी यायचं. इथपर्यंत दहा ठिकाणं झाली होती. अकरावं होतं परत जायचा रस्ता: नकाशात तो एका वखारीच्या मागून सरळ धक्क्यावर जात होता. काकांनी तो नकाशा एका जुन्या पुस्तकावरून उतरवला होता. प्रत्यक्षात त्या जागी भिंत होती.

"इथे भिंत नाही," काका भिंतीसमोर उभं राहून म्हणाले.

आम्ही मागे फिरलो. दुसरी गल्ली घेतली. ती फिरून त्याच सुंठीपाशी आली. तिसरी घेतली. ती एका घराच्या अंगणात संपली, तिथल्या कोंबड्या आम्हाला बघून घरात गेल्या. पुन्हा सुंठ. सुंठ उलटवणारी बाई आता आम्हाला ओळखून हसायला लागली.

"काका, एक वाजून दहा मिनिटं झाली."

"दिशा बरोबर आहे, पाटील."

"काका, एक पस्तीस."

"सूर्य बघ. सूर्य खोटं बोलत नाही." सूर्य डोक्यावर होता. तो काहीच बोलत नव्हता.

मी रडले नाही, पण तोंड तसं झालं असावं. डोक्यात एकच चाललं होतं: अडीच वाजता कोणी तरी माझं नाव पुकारणार, खुर्ची रिकामी, आणि सरांना पत्र येणार की तुमची विद्यार्थिनी आलीच नाही. सर ते पत्र माझ्या बायोग्राफीशेजारी ठेवणार. बाबांनी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं. रेतीच्या होडीवरच्या माणसाची नात, कोचीला, माइकवर.

काकांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी नकाशाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "ठीक आहे. विचारतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

एका वखारीच्या दाराशी एक रखवालदार स्टुलावर बसला होता. चेहऱ्यावरून, गळ्यातल्या गमछ्यावरून उत्तरेकडचा वाटत होता. काका शर्ट नीट करून त्याच्यासमोर उभे राहिले. कॉलेज जुन्या धक्क्याजवळ, म्हणून खणखणीत हिंदीत विचारलं,

"भैया, इधर पुराना बंदर किधर है?"

रखवालदाराने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बंदर?"

"हाँ. बहुत पुराना. पाँच सौ साल पुराना."

"पाँच सौ साल का बंदर?" तो ओरडत स्टुलावरून उठलाच. "चाचा, इधर बंदर कहाँ मिलेगा? बंदर देखना है तो चिड़ियाघर जाइए."

"अच्छा, अच्छा," काका मान हलवत म्हणाले. "सीधा, फिर लेफ्ट. थँक्यू." आणि माझ्याकडे वळून, "चल पाटील. सरळ, मग डावीकडे."

मला हसू आलं. खरंच, इतक्या काळजीतसुद्धा आलं. आपण मराठी माणसं बंदर म्हणतो, त्यात आपलं काय चुकतं? माझे बाबाही हेच म्हणाले असते. पण चार पावलं गेल्यावर हसू आपोआप थांबलं. मी काकांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"काका, तो काय म्हणाला?"

"सरळ, मग डावीकडे."

"काका, तो म्हणाला, इथे माकडं नाहीत."

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. "माकडं?" ते म्हणाले. "माकडांचा काय संबंध?"

"हिंदीत बंदर म्हणजे माकड ना. धक्क्याला बंदरगाह म्हणतात."

"मग त्याने तसं मोठ्याने सांगायचं."

"तो ओरडूनच सांगत होता, काका."

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मला एकदम सगळं कळलं. कारखान्यात त्यांचं टेबल प्रेसच्या मशीनवरच्या माळ्यावर होतं, हे त्यांनीच मला सांगितलेलं. तेहतीस वर्षं पायाखाली धाडधाड. फोन न उचलणं, मला डावीकडे ठेवणं, "केळी छान होती". खालच्या हॉलमध्ये भटजींनी माइकवरून नवरानवरीची नावं नक्कीच पुकारली असतील. काका रस्ता विचारत नाहीत, कारण विचारलं की समोरचा उत्तर देतो.

आणखीही एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. पण पावणेदोन वाजत आले होते.

"थांबा इथेच," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला थांबा म्हटलं. आणि सुंठ उलटवणाऱ्या बाईच्या शेजारच्या अंगणात गेले. तिथे एक म्हाताऱ्या बाई चटईवर पापड वाळत घालत होत्या. मी इंग्रजीत सुरुवात केली, "एक्स्क्यूज मी, व्हेअर इज..." आणि अडकले. जेट्टी म्हणायचं की हार्बर, की कॉलेजचं नाव सांगायचं? मी मागे वळून "काका, येताय ना?" असं मराठीतच ओरडले.

बाईंनी मान वर केली. "खंय वत्ता?"

कुठे जातेस, असं विचारत होत्या. त्या कोकणी बोलणाऱ्या होत्या. इथे कोकणी लोकांची पिढ्यान् पिढ्यांची वस्ती आहे, हे मी वाचलेलं होतं, पण वाचलेलं असं समोर येऊन पापड घालत बसेल हे डोक्यात नव्हतं. मी निम्मं मराठी, निम्मं खाणाखुणा करत सांगितलं: जुना धक्का, होड्या, कॉलेज, अडीच वाजता. त्यांनी उत्तरात बरंच काही सांगितलं, त्यातलं मला चौथा भाग कळला. माझा चेहरा बघून त्यांनी "थांब" अशी खूण केली आणि चटईच्या रिकाम्या भागावर एक पापड ठेवला. त्यावर बोट ठेवून स्वतःच्या घराकडे दाखवलं. दुसरा पापड ठेवला, हात जोडले: देऊळ. तिसरा, वळण. चौथा, पाचवा, सरळ. आणि शेवटचा पापड ठेवून हाताने वल्हं मारून दाखवलं.

काका येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नकाशा!" ते म्हणाले. ते चक्क खाली बसले. "देऊळ ते वळण, अंतर किती? हा पापड जरा इकडे घ्यायला हवा का? स्केल काय धरलंय?"

"काका, चला!"

"उत्तर दिशा तेवढी विचार गं त्यांना!"

बाईंना काय कळलं कोण जाणे, त्यांनी काकांच्या हातात एक पापड दिला. तो हातात सांभाळत काका माझ्यामागे धावले. मी खरंच धावत होते. देऊळ आलं, वळण आलं, आणि दोन वखारींमधल्या फटीतून एकदम पाणी दिसलं, पाण्यावर एक होडी. दोन वाजून अठरा मिनिटं. मी कॉलेजच्या पायरीवर बसले आणि इतका मोठा श्वास सोडला की दारावरचा शिपाई पाण्याची बाटली घेऊन आला.

निबंध वाचला. कसा वाचला ते नीट आठवत नाही. पहिल्या पानावर आवाज कापत होता, तिसऱ्या पानापर्यंत स्थिरावला. पहिल्या रांगेत काका, हात मांडीवर, नजर माझ्याकडे. शेवटी एका बाईंनी प्रश्न विचारला. त्यांच्या इंग्रजीचा उच्चार वेगळा होता, मला एक शब्दही लागला नाही. नेहमीप्रमाणे मी मान हलवून "येस मॅडम" म्हणून बसणार होते. तेवढ्यात मला "अच्छा, अच्छा, सीधा, फिर लेफ्ट" आठवलं.

"मॅडम," मी म्हटलं, "मला कळलं नाही. पुन्हा सांगाल का?"

त्यांनी हळू सांगितलं. प्रश्न साधा होता: आजोबा अजून आहेत का आणि त्यांचा आवाज कोणी ध्वनिमुद्रित केलाय का. मी म्हटलं, आहेत, करीन. टाळ्या वाजल्या. काका जरा उशिरा वाजवायला लागले आणि सगळ्यांच्या नंतर थांबले.

संध्याकाळी आम्ही धक्क्यावरच्या बाकावर बसलो होतो. पलीकडे फेरफटका मारायला जायच्या बोटीची वाट बघत. मला अगदी हलकं वाटत होतं, खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं. काका नेहमीप्रमाणे म्हणाले, "उत्तम, पाटील."

मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "काका, काय उत्तम?"

ते पाण्याकडे बघत राहिले. "तिसऱ्या पानावर तुझा चेहरा रोज पडायचा," ते म्हणाले. "आज नाही पडला."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मला ऐकू येत नाही, पाटील." बोट उशिरा आहे असं सांगावं, इतक्या साधेपणाने त्यांनी ते सांगितलं. "मालती, तुझी काकू, होती तोवर ती कानाशी येऊन सांगायची. मुलीला नको कळवूस, ती उगाच बंगळुरूला घेऊन जाईल. तिथलं तर मला तोंड वाचूनही कळायचं नाही."

"मग महिनाभर तुम्ही रोज..."

"अगं, रोज सात वाजता कोणी तरी यायचं. समोर उभं राहून, माझ्याकडे बघून, सलग पंधरा मिनिटं बोलायचं. मी 'उद्या पुन्हा' म्हणायचो, ते काय तुझ्या इंग्रजीसाठी?"

मी पिशवीतून कागद काढले आणि विचारलं, "कोणत्या कानाने येतं थोडं?"

"डाव्या."

मी उठून त्यांच्या डाव्या बाजूला बसले, कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने, मराठीत, पहिलं वाक्य सांगायला लागले. बाकावरची दोन माणसं उठून पलीकडे गेली. "माझे आजोबा म्हणायचे, भांगाला पानी चरत नाय, होरी लोटून काय कराचा..."

"थांब!" काका ओरडले. "भांगेचा काय संबंध? नावाडी भांग प्यायचे?"

"भांग नाही हो! भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती! पाणी चढत नाही, होडी ढकलून उपयोग नाही!"

"मग तसं लिही ना! पहिल्याच वाक्यात घोटाळा! आणि हे तू महिनाभर मला ऐकवत होतीस?"

"तुम्हीच उत्तम म्हणत होतात!"

"मी ऐकलं असतं तर म्हणालो असतो का?"

पहिल्या पानावर त्यांनी मला सात वेळा अडवलं. एक वाक्य खोडायला लावलं, दोन जागा बदलायला लावल्या. खिशातून पेन्सिल काढून समासात खुणा केल्या. घसा दुखेपर्यंत मी बोलत होते. बोट आली, माणसं चढली, भोंगा वाजला.

"काका, बोट," मी म्हटलं.

"जाऊ दे," काका म्हणाले. "पुढचं पान वाच."